कुत्र्याच्या खाण्याबाबत व्हेटचं किती ऐकायचं?

तपासणी संपते, प्रिस्क्रिप्शन हातात पडतं, पेशंट उठतो आणि दारापर्यंत जाऊन परत वळतो. "डॉक्टर, एक विचारू का? माझ्याबद्दल नाही." गेल्या काही वर्षांत हा दाराजवळचा प्रश्न पुष्कळदा घरातल्या कुत्र्याबद्दल असतो. व्हेटने अमुक कंपनीचं खाणं सांगितलंय, पिशवी महाग आहे. भाचा म्हणतो, यांना कमिशन मिळतं. शेजारचे काका म्हणतात, आमच्या गावची कुत्री भाकरी-दूध खाऊन म्हातारी होत होती. मग ऐकायचं कुणाचं?

मी माणसांचा डॉक्टर आहे. तुमच्या कुत्र्याला काय खायला घालावं हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि या लेखात मी ते सांगणारही नाही. पण डॉक्टरचा सल्ला कुठून येतो, त्यात शिक्षण किती, अनुभव किती आणि कंपनीच्या माणसाने टेबलावर ठेवून गेलेलं माहितीपत्रक किती, हे मला चांगलं माहीत आहे. मीही टेबलाच्या त्याच बाजूला बसतो.

आधी संशयाबद्दल बोलू, कारण तो उगाच आलेला नाही. बऱ्याच व्हेटच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत खाण्याच्या पिशव्या रचलेल्या असतात. भिंतीवर त्याच कंपनीचं कॅलेंडर असतं. हे नातं जुनं आहे. १९३९ साली अमेरिकेत मॉरिस फ्रँक नावाचे अंध गृहस्थ आपल्या वाटाड्या कुत्र्याला, बडीला, घेऊन डॉ. मार्क मॉरिस या पशुवैद्याकडे गेले. बडीची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. मॉरिस यांनी त्याच्यासाठी प्रथिनं आणि क्षार बेताचे ठेवून खास खाणं तयार केलं. त्यातून पुढे 'हिल्स' हा धंदा उभा राहिला. तो आज टूथपेस्टवाल्या कोलगेट कंपनीच्या मालकीचा आहे. 'रॉयल कॅनिन' ही कंपनीही १९६८ साली फ्रान्समधल्या जाँ कातारी या पशुवैद्यानेच सुरू केली. आज ती चॉकलेटवाल्या 'मार्स'कडे आहे, आणि आपल्याकडे किराणा दुकानात दिसणारं 'पेडिग्री'ही त्यांचंच. मार्सच्या मालकीची अमेरिकेत जनावरांच्या दवाखान्यांची मोठी साखळीही आहे. म्हणजे खाणं बनवणारा आणि ते लिहून देणाऱ्याचा पगार करणारा एकच. हे कळल्यावर ग्राहकाच्या मनात शंका येणारच, आणि ती यायलाच हवी.

आमच्या क्षेत्रात हेच घडून गेलं आहे. लहान बाळांच्या दुधाच्या पावडरचं उदाहरण घ्या. कंपन्या प्रसूतिगृहांत फुकट डबे वाटायच्या, डॉक्टरांच्या परिषदांचा खर्च उचलायच्या, भिंतीवर गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर लावून जायच्या. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने याबद्दल आचारसंहिता केली. भारताने १९९२ साली कायदाच केला आणि २००३ साली तो आणखी कडक केला. या पावडरींची जाहिरात बंद झाली, डॉक्टरांना आणि त्यांच्या संघटनांना या कंपन्यांनी भेटवस्तू किंवा परिषदेसाठी पैसे देणं बंद झालं, आणि आईचं दूध सर्वांत चांगलं असं डब्यावरच छापणं सक्तीचं झालं.

त्या काळात कॅलेंडर लावणारे सगळे बालरोगतज्ज्ञ खोटारडे होते का? नव्हते. आई बाळंतपणात गेली तर त्या बाळाला पावडरनेच जगवलं आहे. गडबड अशी होती, की थोड्या बाळांना खरी गरज असलेली वस्तू सगळ्या बाळांना विकली जात होती. कुत्र्याच्या खाण्याचंही मला असंच दिसतं. व्हेटने पिशवी सांगितली, की "याला किती पैसे मिळतात" यापेक्षा "माझं कुत्रं त्या थोड्यांपैकी आहे का" हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

आणि पैशाच्या संबंधाचा हिशेब मांडायचाच तर सगळ्यांचा मांडू. पिल्लू विकणारा ब्रीडर एक पिशवी सुचवतो, त्याचंही त्या दुकानाशी काहीतरी ठरलेलं असतं. पेट शॉपवाला ज्यात नफा जास्त ते पुढे करतो. "व्हेट तुम्हाला हे सांगणार नाहीत" असं म्हणणाऱ्या व्हिडिओच्या खाली बऱ्याचदा एखाद्या खाण्याचीच लिंक असते. यांच्यातला एकटा व्हेट असा आहे, की चुकीचं सांगितलं तर आजारी कुत्रं परत त्याच्याच टेबलावर येतं.

कंपनीच्या पैशाने झालेलं सगळंच संशोधन खोटं, असंही धरू नका. अमेरिकेत पुरिना कंपनीने ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर जन्मभराचा अभ्यास केला. निम्म्या कुत्र्यांना त्यांच्या जोडीदारापेक्षा चोवीस-पंचवीस नाही, सरळ २५ टक्के कमी खाणं दिलं. २००२ साली निष्कर्ष छापून आले: कमी खाणारी कुत्री साधारण १३ वर्षं जगली, भरपूर खाणारी साधारण ११.२ वर्षं. संधिवातही कमी खाणाऱ्यांना उशिरा झाला. खाणं विकणाऱ्या कंपनीच्या पैशाने निघालेला निष्कर्ष असा, की खाणं कमी घाला! माझ्याकडे येणाऱ्या वजनदार पेशंटच्या घरचं कुत्रंही पुष्कळदा वजनदारच असतं (हे मी त्यांना तोंडावर सांगतो, म्हणून इथे लिहायला हरकत नाही). व्हेट जेव्हा म्हणतो, "ब्रँड राहू द्या, आधी वाटी लहान करा", तेव्हा त्याला त्यातून दमडी मिळत नसते. तो सल्ला डोळे मिटून ऐका.

आता ज्या वादामुळे व्हेटवरचा विश्वास एकाच वेळी वाढला आणि कमीही झाला, त्याबद्दल थोडं सविस्तर. माणसांमध्ये गहू सोडण्याची लाट आली, तशी कुत्र्यांमध्येही 'ग्रेन फ्री' खाण्याची लाट आली. तांदूळ, मका, गहू काढून टाकायचे आणि त्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा भरायचा. जाहिरातीत लांडग्याचं चित्र असायचं. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य कशाला, हा युक्तिवाद. पण कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं वाढला आहे. २०१३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. आपल्याकडच्या भाकरी खाणाऱ्या कुत्र्यांना हे आधीच माहीत होतं.

मग अमेरिकेतल्या हृदयरोग पाहणाऱ्या पशुवैद्यांना विचित्र गोष्ट दिसू लागली. डायलेटेड कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुग्यासारखं मोठं होणं, हा आजार डोबरमनसारख्या ठरावीक जातींत आढळतो. तो आता गोल्डन रिट्रीव्हरसारख्या, ज्यांत तो फारसा अपेक्षित नाही अशा कुत्र्यांतही दिसू लागला, आणि त्यांपैकी बरीच 'ग्रेन फ्री' खात होती. अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०१८ मध्ये चौकशी जाहीर केली. जून २०१९ मध्ये ५२४ नोंदींची माहिती आणि ज्यांची नावं वारंवार आली अशा १६ ब्रँडची यादी प्रसिद्ध केली. त्या कंपन्यांच्या बाजूच्या लोकांनी लगेच आरोप केला, की हे मोठ्या कंपन्यांशी संबंधित पशुवैद्यांनी उठवलेलं वादळ आहे. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये एफडीएने सांगितलं, की नुसत्या नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही आणि नवी ठोस माहिती मिळाल्याशिवाय आम्ही आणखी काही जाहीर करणार नाही.

मग बरोबर कोण होतं? मला विचाराल तर इशारा देणारे पशुवैद्य योग्य वागले. मांजरांच्या बाबतीत १९८७ साली असंच झालं होतं. बाजारातलं 'संपूर्ण आहार' म्हणून विकलं जाणारं खाणं खाऊन मांजरांची हृदयं निकामी होत होती. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी शोधलं, की त्यात टॉरिन हे द्रव्य कमी पडतंय. कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. कुत्र्यांचं कोडं इतकं सरळ सुटलेलं नाही. पण ज्या खाण्याचा फायदा सिद्ध नाही आणि ज्याच्या धोक्याची शंका आहे, ते निरोगी कुत्र्याला जास्त पैसे मोजून का घालायचं? त्यामुळे व्हेट 'ग्रेन फ्री' नको म्हणत असेल तर मला त्यात कंपनीचा हात दिसत नाही.

पण व्हेटला सगळं येतं, असंही नाही. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत आम्हाला माणसाच्या आहाराबद्दल जे शिकवलं ते फार थोडं होतं. बेरीबेरी, पेलाग्रा, मुडदूस यांची लक्षणं पाठ, आणि मधुमेहाच्या पेशंटने नाश्त्याला नेमकं काय खावं हे मात्र पुढे स्वतः शिकायचं. आपल्याकडे पशुवैद्यकाच्या पदवीत पशुआहार हा स्वतंत्र विषय असतो, पण देशाची गरज पाहता त्यात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांना मोठी जागा आहे. ते योग्यच आहे. त्यामुळे दोन ब्रँडमधला बारीक फरक एखाद्या व्हेटला कंपनीच्या प्रतिनिधीकडूनच कळला असण्याची शक्यता असते, जसं आम्हाला नव्या औषधांबद्दल पुष्कळदा कळतं. तुमच्या कुत्र्याबद्दल मात्र त्याला पिशवीवर न छापलेल्या गोष्टी माहीत असतात. त्याने बरगड्यांवरून हात फिरवलेला असतो, दात पाहिलेले असतात, रक्ताचा रिपोर्ट वाचलेला असतो. म्हणून मी फरक करतो तो असा: निरोगी कुत्र्याचा रोजचा ब्रँड हा व्हेटचा एक अंदाज आहे, त्याला पर्याय विचारता येतो. आजारासाठी लिहून दिलेलं खाणं हे औषध आहे, ते स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

हे दुसरं वाक्य लिहिताना माझ्यासमोर एक पेशंट आहेत. त्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, मीही म्हणतो. मधुमेह जुना, पण शिस्तीच्या. एचबीएवनसी नेहमी साडेसातच्या आत. दोन वर्षांपूर्वी तो अचानक ९.८ आला. आहार तोच, चालणं तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, "सकाळचं इन्सुलिन घेते. रात्रीचं सोडलंय." का? तर राजाची पिशवी. राजा म्हणजे त्यांचा अकरा वर्षांचा कुत्रा. त्याला मूत्रपिंडाचा आजार निघाला होता आणि व्हेटने त्यासाठीचं खास खाणं लिहून दिलं होतं. पेन्शनमधून तेवढा खर्च झेपेना, म्हणून काटछाट स्वतःच्या औषधांत.

त्याआधी आणखी एक प्रकार झाला होता. पुतण्याने सांगितलं, "काकू, ही सगळी लुबाडणूक आहे, त्याला कलेजी उकडून घाल, ताकद येईल." बाईंनी पंधरा दिवस पिशवी बंद करून कलेजी आणि अंडी घातली. राजाला उलट्या सुरू झाल्या, त्याने खाणं सोडलं. कलेजीत फॉस्फरस भरपूर असतो आणि आजारी मूत्रपिंडाला नेमका तोच बाहेर टाकता येत नाही. माणसांच्या किडनीच्या पेशंटलाही आम्ही याच कारणासाठी पथ्य सांगतो. कुत्र्यांमध्ये तर याला चांगला पुरावा आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूत्रपिंडाच्या आजाराची कुत्री दोन गटांत विभागली होती. मूत्रपिंडासाठीचं खाणं मिळालेल्यांची तब्येत उशिरा ढासळली आणि ती साध्या खाण्यावरच्या कुत्र्यांपेक्षा जास्त जगली. त्यामुळे पंधरा दिवसांनी बाई घाबरून परत पिशवीवर आल्या होत्या, आणि इन्सुलिन तेव्हाच कमी झालं होतं.

बाईंच्या परवानगीने मी त्यांच्या व्हेटना फोन केला. तरुण बाई होत्या. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "सर, त्या मला एकदाही म्हणाल्या नाहीत. दर महिन्याला पिशवी घेऊन जात होत्या, मला वाटलं परवडतंय." मग त्यांनी बाईंना बोलावून घेतलं, राजाच्या वजनावर आणि रिपोर्टवर हिशेब करून घरचं खाणं लिहून दिलं: भात, अंड्याचा पांढरा भाग, थोडं तेल, जीवनसत्त्वं आणि फॉस्फरस बांधून ठेवण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट, सगळं ग्रॅममध्ये मोजून. एका वेळेला हे आणि एका वेळेला पिशवीतलं. खर्च निम्म्यावर आला. दर सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं ठरलं. (हे प्रमाण राजासाठी होतं, कृपया कुणी आपल्या कुत्र्यावर करून पाहू नका.) राजा त्यानंतर सव्वा वर्ष जगला. बाईंचा एचबीएवनसी चार महिन्यांत ७.६ वर आला.

कमिशनवाली म्हणून जिच्यावर पुतण्याने शिक्का मारला होता, तिच्याकडे स्वस्त पर्याय तयार होता. फक्त पैशाचा विषय निघायला हवा होता. आपल्याकडे डॉक्टरसमोर परवडत नाही म्हणायची लाज वाटते, मग ते माणसांचे असोत की जनावरांचे. मला विचाराल तर व्हेटवर विश्वास ठेवायचा की नाही हे तपासण्याची ही एक चांगली कसोटी आहे. सरळ म्हणा, "एवढा खर्च जमणार नाही, दुसरं काय करता येईल?" ज्याला कुत्र्याची काळजी आहे तो विचार करू लागतो. ज्याला पिशवी विकायची आहे तो तीच पिशवी पुन्हा समजावून सांगतो.

आणखी काही विचारायचं असेल तर हे विचारा: हे खाणं कोणत्या कारणासाठी, आणि किती दिवस? निरोगी असल्यास याच दर्जाचे आणखी दोन ब्रँड कोणते? दिवसाला किती ग्रॅम? पिशवीमागचा तक्ता सरासरी कुत्र्यासाठी असतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला पुष्कळदा त्याहून कमी पुरतं. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर कॅल्शियमबद्दल मुद्दाम विचारा. 'हाडं मजबूत व्हावीत' म्हणून वरून घातलेलं कॅल्शियमचं सिरप अशा पिल्लांची हाडं वाकडी करू शकतं. पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेने खाणं निवडण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्या कोणत्याही ब्रँडची शिफारस करत नाहीत. कंपनीकडे पशुआहाराचा तज्ज्ञ आहे का, कारखाना स्वतःचा आहे का, तपासण्या कोणत्या होतात, हे पाहा म्हणतात. त्या संघटनेलाही खाद्यकंपन्यांकडून निधी मिळतो, हे लक्षात असू द्या. तरी प्रश्न चांगलेच आहेत.

मोठं नाव म्हणजे खात्री, असं मात्र नाही. २०१९ साली हिल्सला ड जीवनसत्त्व जास्त पडल्यामुळे कुत्र्यांच्या खाण्याचे डबे परत मागवावे लागले. २००७ साली अमेरिकेत मेलामाइनमिश्रित गव्हाच्या ग्लूटेनमुळे कुत्र्यामांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा कळलं की स्वस्त आणि महाग असे कित्येक ब्रँड एकाच कारखान्यात बनत होते. पुढच्याच वर्षी तेच मेलामाइन चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरमध्ये सापडलं.

घरचं खाणं हाच मग सुरक्षित मार्ग का? ताजं असतं, आवडतं, पण नुसत्या दूध-पोळीवर किंवा नुसत्या चिकन-भातावर वर्षानुवर्षं ठेवलं तर काही ना काही कमी पडतंच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक शाळेने २०१३ साली पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी होता. घरचंच घालायचं असेल तर खुशाल घाला, पण व्हेटकडून मोजून घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेले 'शुगर फ्री' पदार्थ मात्र अजिबात नकोत. मधुमेह्यांच्या घरी हे शेवटचं हमखास असतं, म्हणून लिहितोय.

एका बाबतीत मात्र मी व्हेटच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो, ती म्हणजे कच्चं मांस. हल्ली ते 'नैसर्गिक आहार' म्हणून गोठवलेल्या पाकिटात मिळतं. एफडीएने कच्च्या पेट फूडचे १९६ नमुने तपासले, तेव्हा १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला. कुत्रं ते पचवेलही, पण तेच तोंड घेऊन ते आजीचा हात चाटतं, आणि पाकीट त्याच ओट्यावर कापलं जातं जिथे कोशिंबीर चिरली जाते. कोरड्या खाण्यातूनही माणसांना साल्मोनेला झाल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा वाटी भरल्यावर साबणाने हात धुवाच. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल, कुणी स्टेरॉइडवर असेल, गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल, तर हे व्हेटला सांगा. कुत्रं त्यांच्यासमोर असतं, घरातली माणसं त्यांना दिसत नाहीत. माझ्या एका पेशंटची केमो सुरू झाल्यावर त्यांच्या सुनेने हे सांगितलं, आणि व्हेटनी त्याच दिवशी कच्चं बंद करून उकडलेलं चिकन आणि त्यासोबतचं बाकीचं प्रमाण लिहून दिलं. कुत्र्याने दोन दिवस तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी वाटी चाटून पुसून ठेवली.